थंड पडलेले इंजिन : पुसद परिसरातील एका लहान पेट्रोल गाडीच्या ॲव्हरेजचे प्रकरण

माझी थोरली बहीण पुसद शहरात राहते आणि तिथून ३१ किलोमीटरवरील एका गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सकाळची एसटी वेळेवर येईलच याची खात्री नसल्यामुळे तिने २०१९ मध्ये, तेव्हा तीन वर्षे वापरलेली एक लहान पेट्रोल गाडी विकत घेतली. पाच दारे, तीन सिलिंडर, ९९८ घन सेंटिमीटरचे इंजिन, पाच गिअर आणि सुमारे ८०० किलो वजन अशी ही गाडी आहे. हे वर्णन बाजारातील एकाहून अधिक कंपन्यांच्या गाड्यांना लागू पडते आणि प्रस्तुत प्रकरणात गाडीच्या बनावटीचा काहीही दोष नाही, त्यामुळे कंपनीचे नाव सांगण्याची आवश्यकता मला वाटत नाही. ताईची एक सवय मात्र आरंभीच नोंदवली पाहिजे, कारण तिच्यावाचून हे प्रकरण उभेच राहिले नसते. प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्यावर ती हजेरीपत्रकासारख्या आखलेल्या वहीत तारीख, मीटरचा आकडा आणि लिटर लिहून ठेवते. टाकी नेहमी त्याच पंपावर, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंतच भरून घेते आणि मागच्या आकड्यापासून झालेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागते. ॲव्हरेज काढण्याची याहून भरवशाची पद्धत सामान्य माणसाजवळ नाही.

वहीनुसार जानेवारी २०२४ मधील चार टाक्यांचा सरासरी ॲव्हरेज लिटरला २०.२ किलोमीटर होता. डिसेंबर २०२४ मध्ये तीन टाक्यांचा सरासरी आकडा १६.४ वर आला. रस्ता, चालक आणि ऋतू तेच होते आणि गाडीत सोबत येणाऱ्या सहकारी शिक्षिकाही त्याच होत्या. महिन्याला सुमारे १,६०० किलोमीटर धावणाऱ्या या गाडीला पूर्वी ७९ लिटर पुरत असत, आता जवळपास ९८ लिटर लागू लागले होते. लिटरला १०५ रुपये धरले तर दरमहा १,९०० रुपयांहून अधिक रक्कम कुठे जाते आहे, हे कोणी सांगू शकत नव्हते.

कारणे सांगणारे मात्र पुष्कळ होते. शेजाऱ्यांनी पंपावर संशय घेतला. भाऊजींच्या मते इंजिन बसले होते, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. चहाच्या टपरीपासून शिक्षक खोलीपर्यंत सर्वांचे एकमत मात्र इथेनॉलवर होते, कारण त्या काळात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल गावोगावच्या पंपांवर येऊ लागले होते आणि जुन्या गाड्यांचे हाल त्यामुळेच होत असल्याची चर्चा जोरात होती. दरम्यान दोन ठिकाणी गाडी दाखवून प्लग बदलले गेले, एअर फिल्टर बदलला गेला आणि इंजेक्टरची सफाई झाली. या साऱ्यावर काही हजार रुपये गेले, पण वहीतला आकडा हलला नाही. एअर फिल्टरबद्दल येथेच सांगतो. इंजेक्शन पद्धतीच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात फिल्टर तुंबला तर गाडीची ताकद कमी होते, परंतु इंजिनाचा हा संगणक आत येणारी हवा मोजून त्या प्रमाणातच पेट्रोल सोडत असल्यामुळे ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. फिल्टर तुंबला की ॲव्हरेज घटतो, ही कार्ब्युरेटरच्या, म्हणजे संगणकाविना हवापेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या काळातील समजूत अजूनही बिलांवर दिसते.

मी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मेकॅनिक मोटर व्हेईकल हा व्यवसाय शिकवतो. नाताळच्या सुट्टीत पुसदला गेलो तेव्हा ताईने वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, तू पोरांना शिकवतोस ना, मग हे मला समजावून सांग." मी प्रथम संशयितांना एकेक करून बाजूला काढायचे ठरवले.

पंपाचा प्रश्न लगेच सुटला. प्रत्येक पेट्रोल पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेले पाच लिटरचे माप असते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात पेट्रोल मोजून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. आम्ही मोजून घेतले तेव्हा पातळी खुणेच्या किंचित खाली, परंतु मर्यादेच्या आत होती. एकोणीस टक्के घट अर्ध्या टक्क्याने होत नसते.

इथेनॉलचा आरोप अधिक गंभीरपणे तपासला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक लिटर इथेनॉलपासून २१ मेगाज्यूल मिळते. त्यामुळे १० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये सुमारे ३०.९ आणि २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये सुमारे २९.८ मेगाज्यूल ऊर्जा असते. दोहोंतील फरक साधारण साडेतीन टक्के होतो. नीती आयोगाच्या २०२१ मधील इथेनॉलविषयक आराखड्यातही, ज्या चारचाकी गाड्या शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या आहेत त्यांची कार्यक्षमता २० टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. इथेनॉलच्या माथी आपण सात टक्के मारले तरी २०.२ चा आकडा १८.८ पर्यंतच उतरतो. १८.८ पासून १६.४ पर्यंतची घसरण कोणी केली, हा प्रश्न उरतोच. रबरी नळ्या, सील आणि जुन्या गाड्यांचे इतर भाग यांच्याविषयीची काळजी वेगळी आणि रास्त आहे, परंतु ती या प्रकरणाचा विषय नाही.

येथे थांबून अशी लहान गाडी मुळात वीसचा ॲव्हरेज देते कशी, हे पाहणे आवश्यक आहे, कारण दोषाचे मूळ याच रचनेत सापडणार होते. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना गाडीला दोनच गोष्टींशी झगडावे लागते. चाके रस्त्यावर लोळताना दबतात आणि त्यात शक्ती जाते. समोरची हवा बाजूला सारावी लागते, त्यातही शक्ती जाते. दोन माणसांसह ९५० किलोच्या आसपास भरणाऱ्या आणि अरुंद टायर असलेल्या या गाडीला या वेगात दोन्ही अडथळे जवळजवळ सारखेच, प्रत्येकी ११० न्यूटनच्या आसपास असतात. ढोबळ हिशेब केला तर ती चालवण्यासाठी चाकांवर पावणेचार किलोवॅट, म्हणजे पाच अश्वशक्ती पुरते. इंजिनाची क्षमता मात्र ६७ अश्वशक्तीच्या घरात आहे. वेग ९० केला की हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो आणि लागणारी शक्ती बारा अश्वशक्तीच्या पुढे जाते, म्हणूनच नागपूरच्या फेरीत घाई केली की टाकी लवकर उतरते.

पेट्रोल इंजिनाची अडचण अशी की त्याच्याकडून थोडेच काम घेतले तर ते उधळपट्टी करते. थ्रॉटलची, म्हणजे आत येणारी हवा कमीजास्त करणारी झडप अर्धवट मिटलेली असते, त्या फटीतून हवा ओढून घेण्यातच त्याची बरीच शक्ती खर्च होते आणि पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह यांचे घर्षण काम कमी झाले म्हणून कमी होत नाही. लहान गाडीच्या अभियंत्यांचे खरे कौशल्य या दोन गळत्या बुजवण्यात आहे. इंजिन लहान ठेवले की तेवढ्याच कामासाठी थ्रॉटल अधिक उघडावा लागतो. चारऐवजी तीन सिलिंडर केले की घासणारे पृष्ठभाग कमी होतात. वरचा गिअर लांब ठेवला की इंजिन कमी फेऱ्यांत तेच काम करते. गाडी हलकी ठेवली की एसटी थांब्यावरून निघताना, गुरांच्या कळपापुढे थांबून पुन्हा उचलताना कमी पेट्रोल लागते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हापासून आपल्याकडील कुटुंबाची गाडी या वाटेने चालत आली आहे आणि मला या अभियांत्रिकीविषयी मनापासून आदर आहे. खेड्यातल्या शिक्षिकेला स्वतःची चारचाकी परवडते, यामागे या लहानसहान बचतींचीच बेरीज आहे.

कंपनीने जाहीर केलेला आकडा तेवीसच्या आसपास होता, पण तो या प्रकरणात निरुपयोगी आहे. आपल्याकडील ती चाचणी गाडी रोलरवर चढवून, एसी बंद ठेवून, ११८० सेकंदांच्या ठरलेल्या वेगक्रमाने घेतली जाते आणि तिच्यातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी ती चांगली आहे. एका गाडीची आज आणि काल अशी तुलना करायची तर ताईची वहीच हवी.

आता उष्णतेकडे वळतो. ताशी ६० वेगात चाकांवर पावणेचार किलोवॅट मिळवण्यासाठी इंजिनात सुमारे १५ किलोवॅटचे पेट्रोल जळते. उरलेल्यापैकी बरीचशी उष्णता धुरावाटे जाते आणि चारपाच किलोवॅट इंजिनाच्या भिंतींतून, इंजिन गार ठेवण्यासाठी फिरणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाणी हवेने गार करणारी जाळी म्हणजे रेडिएटर. तो मात्र मे महिन्याच्या दुपारी, ४५ अंशांच्या हवेत, भरलेली गाडी एसी लावून घाट चढत असताना निघणारी उष्णता फेकण्यासाठी रचलेला असतो आणि ती या चारपाच किलोवॅटच्या कितीतरी पट असते. म्हणजे रोजच्या धावेत रेडिएटर गरजेपेक्षा फार मोठा पडतो. त्याला लगाम घालण्यासाठी थर्मोस्टॅट असतो, ज्याला आमच्याकडे नुसते 'वॉल' म्हणतात. त्यात पितळी डबीत मेण भरलेले असते. पाणी ८२ अंशांवर पोहोचले की मेण वितळून फुगते, दांडी ढकलते आणि झडप उघडू लागते. ९५ अंशांच्या आसपास ती पूर्ण उघडते. त्याखाली ती बंदच राहते आणि पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते. थंडी असो की उन्हाळा, इंजिनाला एकाच तापमानाच्या पट्ट्यात ठेवणे हे या डबीचे काम आहे. ती विजेवर चालत नाही आणि तिला संगणकाची गरज नसते.

शनिवारी जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळच्या असतात. त्या शनिवारी आम्ही साडेसहाला निघालो तेव्हा बाहेर १२ अंश तापमान होते. मी स्टिअरिंगखालच्या जोडणीला लहान स्कॅनर लावला होता आणि मोबाइलवर पाण्याचे तापमान पाहत होतो. या गाडीत तापमानाचा काटा नाही. इंजिन गार असेतोवर एक निळा दिवा लागतो आणि फार तापले तर लाल दिवा लागतो, एवढीच सोय आहे. निळा दिवा विझायला १७ मिनिटे लागली. निरोगी इंजिनात तो चारपाच मिनिटांत विझला पाहिजे. ताई सहज म्हणाली, "थंडी पडल्यापासून हा फार वेळ जळतो. घाट उतरताना तर विझलेला पुन्हा लागतो." मी तिला हळू चालवायला सांगितले आणि घाटाची वाट पाहिली.

चढावर आकडा ५५ वरून ६८ पर्यंत गेला. माथा ओलांडून उतार लागला, ताईने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा ६६, ६३, ५९, ५६ असा घसरत ५२ वर आला. त्याच क्षणी समोरचा निळा दिवा पुन्हा लागला. पुढच्या सपाटीवर तो विझला, परंतु शाळेच्या फाटकापर्यंत तापमान ५७ ते ५९ च्या दरम्यानच घुटमळत राहिले. संपूर्ण ३१ किलोमीटरांत या इंजिनाने एकदाही ७० अंश पाहिले नव्हते. निदान तेथेच झाले होते. पुढचे काम फक्त खात्रीचे होते.

शाळेच्या आवारात बॉनेट उघडले. तेल भरण्याचे झाकण फिरवून काढले तर त्याच्या आतल्या बाजूला ताकावर आलेल्या लोण्यासारखा पिवळट फेस चिकटला होता. इंजिनात थंडीमुळे साचलेले पाणी तेलात घुसळले गेले की असा फेस येतो. तेलाची पातळी दाखवणाऱ्या डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्याही थोडे वर होते आणि त्याला पेट्रोलचा वास होता. तेल कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली उतरते आहे, असे समजावे. ही केवळ ॲव्हरेजची बाब राहिली नव्हती, कारण पातळ झालेले तेल बेअरिंगांना हवे तसे सांभाळत नाही. भाऊजींचे 'इंजिन बसले' हे निदान चुकीचे होते, पण आणखी दोन हिवाळे असेच गेले असते तर ते खरे झाले असते.

गार इंजिन पेट्रोल का खाते, हे नीट सांगणे मला महत्त्वाचे वाटते, कारण आमच्या भागात गारपणा हा इंजिनाचा गुणच समजला जातो. गार भिंतींवर पेट्रोल वाफ न होता ओले चिकटते, म्हणून संगणकाला ते जास्त सोडावे लागते. पाण्यात बुडालेला एक छोटा सेन्सर त्याला तापमान सांगतो. त्याचा विद्युतरोध २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. हा रोध मोठा दिसला की संगणक इंजिन अजून तापायचे आहे असे मानतो, मिश्रण जाड ठेवतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडतो, आणि आयडलच्या, म्हणजे गाडी उभी असतानाच्या इंजिनाच्या फेऱ्या वाढवतो. सर्वांत नुकसानकारक गोष्ट म्हणजे उतारावर पाय काढल्यावर पेट्रोल पूर्ण तोडण्याची जी सोय इंजेक्शन पद्धतीत असते, ती तो गार इंजिनात लागू करत नाही. ताईचा रोजचा रस्ता घाटाचा असल्यामुळे ही बचत दिवसातून दोनदा हातची जात होती. शिवाय गार तेल दाट असते आणि तीन सिलिंडरांमुळे वाचलेले घर्षण त्या दाटपणात परत जाते. अभियंत्यांनी जी जी बचत मिळवली होती, ती सारी इंजिन ८५ ते ९५ अंशांवर आहे असे गृहीत धरून मिळवलेली होती.

मग वॉल बिघडला कसा? शोध घेतल्यावर कळले की तो बिघडला नव्हता, गाडीत तो नव्हताच. मे महिन्यात लग्नाला जाताना भर दुपारी चार मोठी माणसे आणि एसी लावलेला अशा स्थितीत घाटात लाल दिवा लागला होता. रस्त्यावरच्या एका मिस्त्रींनी गाडी थंड होऊ दिली, दोन बोल्ट काढून वॉल बाहेर घेतला, झाकण परत बसवले आणि बोअरचे पाणी भरून दिले. मी त्यांना पुढे भेटलो तेव्हा त्यांनी काही लपवले नाही. "इकडच्या उन्हात वॉल काहाले पाह्यजे भाऊ? तो काढला का पानी मोकयं फिरते, गाडी तापतच नाही." त्यांच्या हाताखाली चाळीस वर्षे गाड्या गेल्या आहेत आणि त्यांचे हे म्हणणे पोकळ नाही. जीप आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना पाण्याचे तापमान किती हे ठाऊकच नसे. चोक चालकाच्या हातात होता आणि इंजिन गार चालले तरी मिश्रण आपोआप जाड होत नसे. त्यामुळे वॉल काढल्याचे नुकसान दिसून येत नव्हते, फायदा मात्र पहिल्याच दुपारी दिसत होता. २००० च्या आसपास लहान गाड्यांत इंजेक्शन आले, इंधनाचा हिशेब पाण्याच्या तापमानाशी जोडला गेला आणि तोच जुना उपाय महाग झाला. मे मध्ये केलेल्या उपायाची किंमत डिसेंबरात वसूल होत असल्यामुळे, या दोन्हींचा संबंध ना ताईला लागला, ना मिस्त्रींना.

त्या उपायाने मूळ आजारही झाकला गेला होता. घाटात गाडी तापली ती वॉलमुळे नव्हेच. एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर यांच्यामध्ये दोन बोटांची फट असते. आम्ही पुढची जाळी सोडवून टॉर्चने आत पाहिले तेव्हा त्या फटीत बोटभर जाडीचा थर नमद्यासारखा बसलेला आढळला. चिमट्याने एक तुकडा काढून पांढऱ्या कागदावर पसरला. त्यात सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा होता, कापसाचे तंतू होते, पाखरांचे पंख होते आणि या सर्वांना धरून ठेवणारी काळी माती होती. हंगामात रस्त्याच्या कडेला मळणीयंत्र चालू असते, कुटाराचा लोट रस्त्यावरून वाहतो आणि येणारीजाणारी प्रत्येक गाडी तो आपल्या रेडिएटरमध्ये गाळून घेते. शहरात बसून देखभालीचे वेळापत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हा लोट नसतो, त्यामुळे आमच्याकडच्या गाड्यांना दिवाळीनंतर ही फट साफ करण्याची वेगळी नोंद लागते. कुटार तसेच राहिले असते आणि त्यात बोअरच्या जड पाण्याचे क्षार आतून साचत गेले असते, तर पुढच्या उन्हाळ्यात वॉल नसतानाही ही गाडी त्याच घाटात पुन्हा तापली असती.

दुरुस्तीला मी लगेच हात घातला नाही, यावर ताई नाराज झाली. चारही टायरांत हवा २२ ते २६ पीएसआयच्या दरम्यान आढळली, दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर मात्र ३३ लिहिले होते. खराब रस्त्यावर धक्के कमी लागावेत म्हणून ती मुद्दाम कमी ठेवली गेली होती. दोन्ही दोष एकाच वेळी काढले असते तर कोणाचा वाटा किती हे कधीच कळले नसते. म्हणून प्रथम फक्त हवा ३३ केली आणि एक टाकी संपू दिली. "म्हणजे माझ्या पैशांनी तुझा प्रयोग," असे ती म्हणाली आणि ते खरे होते. आकडा १६.४ वरून १७ झाला. सुटे भाग नागपूरहून यायला तोच आठवडा लागला, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल.

नवा वॉल आला तेव्हा तो बसवण्याआधी ताईच्या स्वयंपाकघरात तपासला, कारण डबीबंद माल सदोष निघू शकतो हे मी संस्थेत अनेकदा पाहिले आहे. झडपेच्या फटीत शिवणाचा दोरा अडकवला, त्या दोऱ्याला वॉल टांगून तो पातेल्यातील पाण्यात बुडवला आणि शेजारी प्रयोगशाळेतला तापमापक धरला. वॉल पातेल्याच्या बुडाला टेकू द्यायचा नाही, कारण बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेले असते. ७० झाले, ७५ झाले, काहीच हालचाल नव्हती. भाचा ओट्याला हनुवटी टेकवून पाहत होता. ८२ आणि ८३ च्या दरम्यान झडपेची पकड सुटली, दोरा मोकळा झाला आणि वॉल टपकन पाण्यात पडला. मग तो उचलून बाहेर धरला, तसा गार होत होत त्याने आपली फट हळूहळू मिटून घेतली. वर्गात फळ्यावर आकृती काढून मी हे जितक्या वेळा शिकवले असेल, त्या सगळ्यांपेक्षा त्या पातेल्याने ते अधिक स्वच्छ सांगितले.

बाकीचे काम एका दिवसाचे होते. फट मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने साफ केली, कारण जोराचा फवारा ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या वाकवतो. तांबूस झालेले पाणी काढून इंजिन स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुतले, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मेनिम्मे भरले आणि हवा अडकून राहू नये म्हणून रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून इंजिन तापू दिले. तेल आणि त्याचा फिल्टर बदलला. वॉल, गॅस्केट आणि कूलंट मिळून जो खर्च आला, तो एका महिन्याच्या वाया गेलेल्या पेट्रोलपेक्षा कमी होता. शेवटी गाडी उभी ठेवून पंखा तपासला. तो ९६ अंशांना सुरू झाला आणि ९१ ला थांबला. पंखा चालत नसता तर नवा वॉल बसवणे धोक्याचे ठरले असते, म्हणून ही तपासणी कोणीही टाळू नये.

पुढच्या शनिवारी त्याच वेळी, साधारण तेवढ्याच थंडीत आम्ही पुन्हा निघालो. निळा दिवा पाचव्या मिनिटाला विझला. घाट चढताना ९३ आणि उतरताना ८४ असे आकडे आले, आणि उतारावर पाय काढताच इंजेक्टरचा आकडा शून्यावर जाताना मोबाइलवर दिसला. ताईने तो दोनदा पाहिला आणि तिसऱ्या वळणावर मला विचारले, "म्हणजे आता इथे पेट्रोल जळतच नाही?" गाडी गिअरमध्ये आहे आणि चाकेच इंजिनाला फिरवत आहेत तोवर जळत नाही, असे मी सांगितले. त्यासोबत हेही सांगितले की उतारावर गाडी न्यूट्रल केली तर हा फायदा जातो, कारण मग इंजिनाला स्वतः चालू राहण्यासाठी पेट्रोल लागते, आणि घाटात इंजिनाचा आधार सुटून सगळा भार ब्रेकवर येतो. अनेक जण पेट्रोल वाचवण्यासाठी नेमके तेच करतात.

फेब्रुवारी २०२५ मधील तीन टाक्यांचा सरासरी ॲव्हरेज १९.३ आला. जानेवारी २०२४ च्या २०.२ शी तुलना करता साडेचार टक्के अजून कमी आहेत. त्यातील साडेतीन टक्क्यांपर्यंतचा वाटा इथेनॉलच्या कमी ऊर्जेचा मानता येईल आणि तो या गाडीत परत मिळण्यासारखा नाही. उरलेल्या एका टक्क्यासाठी मला मागच्या डाव्या चाकावर संशय आहे. धाव संपल्यावर त्याच्या ब्रेकचा ड्रम उजव्यापेक्षा हाताला किंचित गरम लागतो, म्हणजे ब्रेकशू पूर्ण सुटत नसावा. मिस्त्रींना मी तो जुना प्रसंग आकड्यांसह समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी आपल्या दुकानातल्या एका डब्यात जपून ठेवलेले, वेगवेगळ्या गाड्यांतून काढलेले सात वॉल माझ्यासमोर ओतले आणि ते पातेल्यात कसे तपासायचे ते विचारून घेतले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मागचे दोन्ही ड्रम त्यांच्याच दुकानात उघडायचे ठरले आहे.